पोळ्याला संपणारी गॅरंटी

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भावंडं भांडत होता आणि मी इकडून ऐकत होते. जुनी गाडी घेतली आहे, तिची गॅरंटी पुढच्या महिन्यात संपते, तर सर्व्हिसिंगला ती विकणाऱ्याकडे न्यायची की घराजवळच्या गॅरेजात, असा वाद होता. "आजी, तुला काय वाटतं?" असं विचारलंत आणि उत्तर न ऐकताच पुन्हा आपसात सुरू झालात. माझं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. आमच्या आसेगावच्या घरात हाच वाद झाला होता, पन्नासच्या दशकात, आणि माझी नोकरी त्याच्यावर टांगलेली होती. म्हणून लिहायला बसले आहे.

मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि लग्न होऊन आसेगावात आले. मंगरूळच्या मुलींच्या शाळेला इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. त्यांनी मला विचारलं, मी घरात विचारलं. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणत असे, ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली. पावसाळ्यात बस गावापर्यंत येत नसे, फाट्यावर उभं राहावं लागे. "आमची सून फाट्यावर उभी राह्यनार नाई. घरची मोटार असन तं जा."

तुमच्या आजोबांनी मग अमरावतीच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी मोटार आणली. व्यापाऱ्याने इंजिनाच्या बोल्टांतून तार ओवून तिला शिशाचं सील ठोकलं होतं. इंजिनात बिघाड निघाला तर ठरलेल्या तारखेच्या आत गाडी त्याच्या कारखान्यात न्यायची, तो फुकट दुरुस्त करणार. सील दुसऱ्या कोणी तोडलं तर गॅरंटी संपली. हे सगळं एका इंग्रजी कागदावर होतं आणि घरात ते मीच सर्वांना वाचून दाखवलं होतं.

पाऊस लागला आणि गाडी तापायला लागली. थोडं चाललं की बॉनेटमधून वाफ येई आणि आत कोणी हातोडी मारतंय असा आवाज होई. तुमच्या आजोबांचं म्हणणं, मोटारीचा जवळात जवळ मिस्तरी कारंज्याला आहे, त्याला दाखवू. मामाजी म्हणत, "गॅरंटी काहून घेतली मंग? ज्यानं इकली त्यानंच नीट करून द्यावी. नाई झाली तं इकून टाकू. आन् मोटार गेली म्हंजे शाळाबी गेली, सूनबाई, हे आताच सांगून ठेवतो." पोळ्यानंतरच्या सोमवारी मला शाळेत रुजू व्हायचं होतं. शेवटी ठरलं अमरावतीचंच. पण आज नाल्याला पूर, उद्या निंदणीला बाया आलेल्या, परवा पुन्हा पाऊस, असं करता करता गॅरंटीचा शेवटचा दिवस उरला, आणि त्याच दिवशी पोळा आला.

मामाजींना ते मुळीच आवडलं नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं होतं. सकाळी आम्ही निघालो तेव्हा ते शिंगं रंगवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बैलाचा सन आन् घरचा पोरगा मोटारीच्या मांगं."

तुमचे आजोबा हसून म्हणाले, "मोटारीला कुठं पोळा असतो, बाबा?"

मंगरूळच्या वाटेवर एक नाला होता. त्यावर पूल नव्हता. उतरून पाण्यातून गाडी काढायची आणि पलीकडची चढण चढायची. पाणी त्या दिवशी चाकाच्या निम्म्यापर्यंत होतं, पण मधली रेती बसलेली नव्हती. चाकं जागच्या जागी फिरू लागली. तुमच्या आजोबांनी जोर दिला, आतली हातोडी सुरू झाली, वाफेने समोरची काच पांढरी झाली आणि इंजिन बंद पडलं.

ते घाबरले नाहीत. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी पलीकडच्या वस्तीला खूण केली, नेहमी करत तशी. त्या पावसाळ्यात गाडी तिथे किती वेळा अडकली होती! दर वेळी हात वर केला की वस्तीवरून बैलजोडी उतरे, दोर बांधला जाई आणि आम्ही वर. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की प्रवास ठरवताना आम्ही पेट्रोल मोजलं, पाणी मोजलं, रेडिएटरसाठी जास्तीची कळशीही घेतली. बैल कोणीच मोजले नाहीत.

हात तसाच वर राहिला. वस्तीवर माणसं दिसत होती, रंगवलेली शिंगं आणि झुली दिसत होत्या, पण खाली कोणी येईना. मग तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात आत घेतला.

आम्ही पाण्यातून चालत वर गेलो. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. आमचं शेत बटाईने, म्हणजे निम्म्या पिकावर, करणारा माणूस पुढे आला. नवं धोतर, कपाळाला गुलाल.

"भाऊ, आज कसं जमन?" तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

"जू नको ठेवू खांद्यावर. नुसता दोर बांधायचा. पाच मिनिटांचं काम."

गोठ्याच्या दारातून त्याची म्हातारी आई बोलली, "जू नाई म्हने! ओझं आलं म्हंजे जूच झालं. काल आवतन देल्लं त्याइले जेवाचं. तुमच्या घरी पाव्हना जेवाले बलावता आन् वखराले जुपता का, भाऊ?"

पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं, म्हणजे वर कुठेतरी पाऊस सुरू होता. नाल्याचं पाणी गढूळ होत चाललं होतं. लोंढा आला तर गाडी गॅरंटीसकट वाहून जाणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. बटाईदार मान खाली घालून म्हणाला, "तुमी मालक. म्हनसान तं सोडतो." आणि तो खरोखरच खुंट्याकडे वळला. बैलाच्या गळ्यात नवी घुंगरमाळ होती, ती वाजली.

मी म्हणाले, "नका सोडू."

तुमचे आजोबा माझ्याशी इंग्रजीत बोलले, बाकीच्यांना कळू नये म्हणून. गाडी गेली तर सोमवार गेला, तुला समजतंय ना, असं. मी मराठीतच उत्तर दिलं, "समजतंय. पण तो नाही म्हणू शकत नाही म्हणून त्याला सांगायचं, हे मला नको."

म्हातारी हसली. तिला वरचे दात नव्हते. "बैलाइले सुट्टी हाये. तुमाले कोनं देली रे मुडद्यांनो? सकाळीच जुने कासरे काढले, ढीग पडला हाये गोठ्यात. घ्या आन् उतरा!"

पोळ्याला बैलांचे दोर नवे करतात, जुने टाकून देतात. ते जुने दोर एकत्र पिळून गाडीच्या पुढच्या आसाला बांधले आणि वस्तीवरचे पुरुष नवी धोतरं खोचून पाण्यात उतरले. तुमचे आजोबा त्यांच्यात. मी स्टिअरिंगशी बसले, कारण गाडीत दुसरं कोणी नव्हतं. पाणी दाराखालच्या पायफळीच्या वर आलं होतं आणि माझ्या चपलांमध्ये शिरत होतं.

"हाऽ हाऽ! डावा बैल ढिला चालून राह्यला!" एकजण ओरडला. डावीकडे तुमचे आजोबा होते.

"शयरात शिकला हाये, त्याले चारा कमी पडला!"

हसता हसता दोर तुटला आणि गाडी हातभर मागे सरकली. हसू थांबलं. दोर पुन्हा गाठला. दुसऱ्यांदा चाकं रेतीतून सुटली आणि एकदम वर आली. आम्ही चढण चढून मागे पाहिलं तर आमच्या चाकांच्या खुणांवरून पाणी लाल होऊन धावत होतं.

त्याच लोकांनी गाडी सडकेपर्यंत ढकलत नेली. इंजिन सुरू होईना. बऱ्याच वेळाने सरकीचा एक ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "अमरावतीलेच चाललो. बांधा मांगं." त्याच्या साखळीला बांधून आम्ही मंगरूळवरून कारंज्याला आलो. वाटेत तुमचे आजोबा एकच वाक्य दोनदा बोलले: सील शाबूत आहे.

कारंज्याच्या नाक्यावर ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. "बोला. इथं सोडू का अमरावतीले नेऊ? मले दिवस मावळाच्या आत पोचा लागते."

"अमरावती," तुमचे आजोबा म्हणाले. महिनाभर कारंजा कारंजा करणारे तेच. "वेळेत पोहोचू. बाबांनी सांगितलंय तसं होईल."

"आणि गाडी परत कधी मिळेल?"

"पाऊस उघडला की आणू."

"सोमवारी मी शाळेत कशी जाऊ?"

ते साखळीची गाठ तपासायला वाकले.

"कारंज्याला सोडा," मी ड्रायव्हरला म्हणाले.

"गॅरंटी गेली तर बाबा गाडी विकतील," तुमचे आजोबा म्हणाले.

"विकतील तेव्हा विकतील. सोमवार त्याच्या आधी येतो. आणि पुन्हा बंद पडली तर अमरावतीपर्यंत कोण ओढत नेणार आहे? कारंज्यापर्यंत निदान बैल तरी ओढून आणतील."

ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं आणि साखळी सोडली.

मिस्तरीने बॉनेट उघडलं, सील बोटावर घेऊन पाहिलं. "पयले सांगतो, बाई. हे तुटलं म्हंजे अमरावतीवाला हात वर करन. मंग माह्याजवळ भांडाले येऊ नका."

"तोडा," मी म्हणाले. त्याने पकडीने तार कापली आणि सील माझ्या हातावर ठेवलं. आत पाणी अडवणारी एक गॅस्केट जळाली होती. शनिवारी गाडी देतो म्हणाला.

आम्ही बसने फाट्यापर्यंत आलो आणि पुढे चालत. नाला उतरला होता, बटाईदाराने कंदील घेऊन पार करून दिलं. घरी पूजा होऊन गेली होती. मामाजी ओसरीवर बसले होते. नाल्यावरची बातमी आमच्या आधी पोचली होती, पण अर्धीच.

"बैल जुपले?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कोनाचेच?"

"कोणाचेच नाही. माणसांनी ओढली," मी म्हणाले. आणि लगेच पुढचंही सांगून टाकलं, कारण धीर तेवढाच होता. "मामाजी, गाडी कारंज्याला आहे. सील मी तोडायला लावलं. गॅरंटी संपली."

त्यांनी तुमच्या आजोबांकडे पाहिलं, मग माझ्या चिखलाने माखलेल्या लुगड्याकडे. बराच वेळ ते पानाला चुना लावत राहिले.

"पुरनपोळ्या झाकून ठेवल्या हायेत. जेवून घ्या," ते म्हणाले. आणि आम्ही आत वळल्यावर मागून, "सोमवारी किती वाजता निघा लागते तुमाले?"

गॅरंटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी त्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं.

तर तुमच्या वादाला माझं उत्तर एवढंच: गाडी कुठे न्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ती बंद पडली तर कोण ओढेल हे आधी मोजा.

ती मोटार केव्हाच भंगारात गेली. नाल्यावर पूल झाला, वस्ती सडकेला सरकली. शिशाचं सील माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, कापलेल्या तारेसकट.