काचेवरच्या कुरडया

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. नोकरी संपली, पण तो आवाज काही संपला नाही. घरात ऐकून घेणारा माणूस एकच, आमचे मालक. त्यांची निम्मी हयात सेलूला जिनिंगमध्ये गेली. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जात राहिली आणि आता त्यांना दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं. हवेतनंच ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं, गुडघ्याएवढं, चाकांवरचं मशीन. बाकी गुणाचं आहे, पण त्याची ती घरघर! पहिले सहा महिने मी रोज करवादायचे, "एवढा आवाज करायला हे काय पिठाची गिरणी हाय का?"

मालक शांतपणे म्हणायचे, "अगं, तुझ्यापेक्षा कमीच हाय."

मशीन चालतं लाईटीवर, आणि लाईटीचा आमच्याकडं काय भरवसा! वालूरच्या अलीकडं आमचं गाव, रानात एकटं पडलेलं. उन्हाळ्यात वारं सुटलं की पहिला पोल आमचा आडवा. घरात ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर ठेवलेला असतो, तो तीन-साडेतीन तास पुरतो. त्यापुढं काय, हा विचार आला की मी भांडी घासायला बसायचे. म्हणून ज्या दिवशी एका संस्थेनं वस्तीतल्या आमच्या बुद्धविहाराच्या छतावर चार सोलर पॅनल बसवले आणि आत कपाटाएवढी बॅटरी ठेवली, त्या दिवशी मी सगळ्या वस्तीत पेढे वाटले. मालकांना दोन दिले.

विहाराची किल्ली माझ्याकडं आली. किल्ली आली की बाईंच्या अंगात शाळा संचारते. मी फळा आणला आणि ठळक अक्षरात लिहिलं: लाईट गेल्यावर बॅटरी कोणासाठी? एक, श्वासाचं मशीन. दोन, फ्रिजातली औषधं. तीन, बाळंतिणी आणि तान्ही लेकरं. मोबाईल सगळ्यात शेवटी. फ्रिज म्हणजे विहारातलाच एक लहानगा, त्यात आमच्या समोरच्या घरातल्या बाईचं इन्सुलिन असायचं. ती माझ्याच वयाची, रोजानं रानात जाणारी, साखरेनं बेजार झालेली.

त्याच बाईला मी एकदा फैलावर घेतलं होतं. लाईट जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत, तर ही मोबाईल आणि वायर घेऊन हजर. लेकीचा फोन येणार होता म्हणे. मी तिला फळ्यासमोर उभी केली आणि म्हटलं, "वाच. मोठ्यानं वाच." चार बाया बघत होत्या. तिनं अडखळत अडखळत सगळं वाचलं, पदर खोचला आणि निघून गेली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मलाही काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

मग वैशाख आला आणि वाळवणाचे दिवस सुरू झाले. कुरडयांसाठी मी गहू भिजवले, चीक शिजवला आणि साचा घेऊन जागा शोधत बसले. अंगणात कोंबड्या, घराच्या पत्र्यावर माकडं, दारात बकऱ्या. आणि विहाराच्या छतावर चार चकचकीत काचा, तव्यासारख्या तापलेल्या. शिडी माझ्या देखरेखीत, किल्ली माझ्या कमरेला. मी वर गेले, काचेला शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवला, म्हणजे कुरडई वाळल्यावर अलगद सुटावी, आणि ओळीनं कुरडया घातल्या. काय सुरेख वाळल्या म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी आल्या. बाईंनीच घातल्यात म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार? पंधरा दिवस आमच्या कुरडया, पापड्या, सांडगे, सगळं त्या काचांवर.

माझा हिशेब ऐकाल तर हसाल. मी म्हणायचे, आपण दिवसा घालतो, संध्याकाळी उचलतो, रात्रभर पॅनल मोकळेच तर असतात! सौरऊर्जेचा धडा मी स्वतः वर्गात शिकवलेला आहे, आकृतीसकट. उन्हाशिवाय भरण्याची त्या बॅटरीला दुसरी वाटच नव्हती, आणि फ्रिज, वंदनेच्या वेळचे दिवे-पंखे रोज तिच्यावरच चालत होते. त्या पंधरवड्यात लाईट नेमकी शहाण्यासारखी राहिली, म्हणून बॅटरीचा आकडा कोणी बघितलाच नाही.

एका पहाटे वादळ आलं. पाऊस चार थेंब, वारं मात्र लय. लाईट गेली. मालकांना मी सिलिंडरवर घेतलं आणि म्हटलं, काही काळजी नाही, उजाडलं की विहारात जाऊ. मी चहासुद्धा निवांत केला. सिलिंडरचा काटा खाली आला तसा दोघा जणांनी मालकांना खुर्चीसकट उचललं, मी मशीन ढकलत मागनं. विहारात पोचलो, मशीन लावलं, घरघर सुरू झाली. मग मी बॅटरीच्या पडद्याकडं बघितलं. शंभर टक्क्यांच्या आसपास असायचा तो आकडा चोवीस होता.

पॅनल बसवून गेलेल्या सेलूच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मशीन तीन तास चालंल बाई, फ्रिज चालू असंल तर त्याहून कमी." लाईनमनला विचारलं. त्यानं सांगितलं, पोल पडलेत, आजचा दिवस आशा धरू नका. ॲम्ब्युलन्सला फोन केला. रस्त्यावर बाभळी आडव्या पडल्यात, काढायचं काम चालू हाय, कधी येऊ सांगता येत न्हाई, असं उत्तर आलं. सिलिंडर तर रिकामाच. म्हणजे आता मालकांचा श्वास त्या चोविसावर होता, आणि माझ्या डोळ्यासमोर त्याचे तेवीस झाले.

"पॅनलवर काय पडलंय का बघा," मेकॅनिक फोनवर म्हणायलाय, "फांदी-बिंदी."

मी शिडीनं वर गेले. फांदी नव्हती. काचांवर आमच्या तेलाचा थर होता, त्यावर चिकाचे पांढरे गोल गोल डाग आणि त्या सगळ्यावर वादळानं आणून थापलेली माती. न घासलेल्या तव्यासारख्या काळपट पडल्या होत्या चारही काचा. बोट फिरवलं तर बोटाला चिकट मेण.

आता खरं सांगते. माझ्या मनात आलं, वादळाची धूळ बसली म्हणून सांगावं. कोणाला कळणार होतं? पण धूळ पाण्यानं जाते, तेल जात नाही. खोटं बोलण्यात गेलेली दहा मिनिटं मालकांच्या श्वासातनं जाणार होती. मी खाली आले. विहार भरलेला होता, मालक भिंतीला टेकून माझ्याकडंच बघत होते. तीस वर्षं मी लेकरांना उभं करून विचारलं, बोल, कोणी केलं? त्या दिवशी मी उभी राहिले.

"मी केलं," मी म्हणाले. "काचेला तेल लावून कुरडया मी घातल्या. माझं बघून बाकीच्यांनी घातल्या. बॅटरी भरली न्हाई ती माझ्यामुळं."

समोरची बाई उठली. मला वाटलं, आता ही सगळा राग काढणार, आणि काढलाच पाहिजे. ती माझ्या अंगावरनं सरळ फ्रिजकडं गेली आणि तिनं वायर ओढून काढली. आतली इन्सुलिनची बाटली घेतली, डब्यात घातली, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यातल्या माठाच्या गारव्याला ठेवला.

"अगं, तुझं औषध!" मी ओरडले.

"माठात राहतंय दोन दिवस. फ्रिज यायच्या आधी कुठं ठेवत होते मी?" ती म्हणाली. "आन् एक नंबर श्वास. तुमीच लिवलंय बाई. मोठ्यानं वाचाय लावलं होतं न्हवं, पाठ हाय माझं."

देवाशपथ सांगते, नाही, देवाची कशाला, माझ्या मालकांची शपथ, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण गडप व्हायला वेळ कुठं होता! ती पुढं झाली आणि तिच्यामागं सगळ्या बाया. कोणी कोमट पाणी आणलं, कोणी साबणाचा चुरा, कोणी जुनी मऊ लुगडी फाडली. मेकॅनिक फोनवरनं बजावायलाय, "राख न्हाई, काथ्या न्हाई, काचेला चरे पडतील." आम्ही सात-आठ जणी त्या छतावर गुडघ्यावर बसून काचा पुसत होतो. एक पाणी, दोन पाणी, तिसऱ्या पाण्याला काच बोटाखाली करकर वाजली. खालनं एक जण आकडा ओरडत होता. अठरा. पंधरा. आभाळ अजून मळकटच.

अकरावर आकडा आला तेव्हा ढग फाटला. ऊन असं सरळ काचांवर पडलं की आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. मग तो माणूस ओरडला, "अकराच हाय! उतरंना झालाय!" आणि थोड्या वेळानं, "बारा! बारा झाले!"

मी शिडी कशी उतरले, मला आठवत नाही. मालकांच्या शेजारी बसले आणि त्या पडद्याकडं बघत राहिले. वीस झाले, सत्तावीस झाले. मशीन घरघरत होतं. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. पस्तीस झाले तेव्हा मालक नळीतनं दम घेत म्हणाले, "बाई, पास झाली तुमची बॅटरी." मग मला रडू फुटलं. चारचौघात, तोंडाला पदर न लावता रडले. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

रडून झाल्यावर उठले, मेकॅनिकला विचारून फ्रिजची वायर परत लावली, माठाजवळचा डबा घेतला आणि बाटली माझ्या हातानं आत ठेवली. लाईट तिसऱ्या दिवशी आली, तोवर आम्ही दोघं विहारातच राहिलो आणि बॅटरी दिवसा भरत, रात्री पुरत राहिली.

घरी निघायच्या आधी मी फळ्यावर आणखी एक ओळ लिहिली आणि खडू ठेवला. समोरची बाई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिच्या मोबाईलला मीच वायर लावून दिली होती.

"वाचा की बाई," ती म्हणाली. "मोठ्यानं."

चार बाया बघत होत्या. मालक खुर्चीत बसून हसत होते. मी फळ्यासमोर नीट उभी राहिले आणि वाचलं, "काचेवर वाळवण घालू नये."

"आईकू आलं न्हाई," ती म्हणाली.

मशीनची घरघर चालू होती. मी परत वाचलं, त्या घरघरीच्या वर आवाज चढवून.