बेरिल टॉनकिनचं नाव

आमच्या पोर्ट हॅरोत पोलिसांच्या मालिकेचं चित्रीकरण होणार म्हटल्यावर सगळं गाव हरखलं, पण माझ्या शेजारणीच्या, बेरिल टॉनकिनच्या, पायाला तर भिंगरीच लागली. मालिका पन्नास वर्षांपूर्वीच्या काळातली आणि बेरिल तेव्हा इथल्या पोलीस ठाण्यात टायपिस्ट होती. नटीला टायपिंग शिकवायला त्यांनी तिलाच बोलावलं. शहात्तर वर्षांची बाई, केस कुरळे करून आली!

"डॉट, अगं शेवटी नाव येणार आहे माझं! पडद्यावर!" ती कुंपणावरून ओरडली.

"मग आता सहीसाठी रांगेत उभी राहू की काय?" मी म्हटलं. खरं तर मला तिच्याहून जास्त आनंद झाला होता. मीही रोज तिच्यामागे जाऊ लागले. कार्बन कसा घालायचा, चूक झाली तर पाचही प्रती कशा खोडायच्या, हे बेरिल त्या पोरीला दरडावून शिकवायची.

चौथ्या दिवशी शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. गुन्हेगार कोण ते इन्स्पेक्टरला पक्कं ठाऊक असतं, पुरावा मात्र नसतो. मग आरोपी समोर नसतानाच तो टायपिस्टला त्याचा कबुलीजबाब स्वतःच सांगतो. प्रश्न त्याचे, उत्तरंही त्याचीच. टायपिस्ट ताडकन उठते, 'हे मी लिहिणार नाही' म्हणते आणि निघून जाते. तालमीतच आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर तर काटा आला.

"चूक आहे," बेरिल म्हणाली.

"काय चुकलं? कार्बन?" दिग्दर्शिका सास्कियाने विचारलं.

"ती उठत नाही. मी उठले नव्हते."

तेव्हा असे जबाब आमच्याकडे सर्रास तयार व्हायचे. खाली सही नसली तरी कोर्ट पोलिसांच्या शब्दावर विश्वास ठेवायचं. गावात कुणकुण सगळ्यांना होती, तोंड कोणी उघडत नव्हतं. मी तरी कुठे उघडलं? बेरिल सांगत होती ते डेस रॅफर्टीचं. गोदामाला आग लागली, पहारेकरी भाजला आणि डेस सात वर्षं आत गेला. हा डेस त्याआधी रोज सकाळी बेरिलच्या दारात पाव टाकायचा, गप्पा मारायचा.

"साहेबांनी सांगितलेलं फार सरकारी वाटत होतं," बेरिल म्हणाली. "मी म्हटलं, साहेब, डेस असं बोलणार नाही. मग मीच ते त्याच्या तोंडी शोभेल असं लिहून दिलं. ज्युरीला पटलं."

"पण आग त्यानेच लावली होती ना?" सास्कियाने विचारलं.

"बहुधा."

घरी येताना मी भडकले. "वेड लागलंय का तुला? डेस रोज क्लबात बसतो! उद्या जा आणि सांग, म्हातारीचा घोटाळा झाला म्हणावं. आग त्यानेच लावली असणार."

"असेल. पण तो जे बोलला नाही ते मी लिहिलं, डॉट."

सास्कियाने प्रसंग बदलला.

तो भाग लागला त्या संध्याकाळी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. बिअर, खिमा भरलेले गरम पॅटिस, आणि आपलाच रस्ता, आपलाच बंदराचा धक्का पडद्यावर दिसला की एकच आरडाओरडा! डेस त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात होता. मी सारखी तिकडे वळून बघत होते. शेवटी टायपिस्टचे हात थांबले.

"ऊठ गं बाई!" मागून कोणीतरी ओरडलं.

"साहेब, तो असं बोलणार नाही," पोरगी म्हणाली आणि खटाखटा टाइप करू लागली.

डेसने ग्लास खाली ठेवला आणि काठी टेकत तो आमच्या टेबलापाशी आला.

"कोर्टात तो कागद वाचला ना बेरिल, तेव्हा क्षणभर मलाच वाटलं, मीच बोललो असेन," तो म्हणाला. "त्या साहेबाला माझं बोलणं कसं जमलं, हेच मला पन्नास वर्षं कळत नव्हतं."

पडद्यावर नावं सुरू झाली होती. "आलं! बेरिल, तुझं नाव आलं!" मी न राहवून ओरडले.

तिने वळून पाहिलं नाही.