चोपड्याचा काठीवाला हवालदार

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण यात माझीच शोभा होते.

चोपड्याच्या बसस्थानकासमोर एक हवालदार रोज उभा असे. काठी काखेत धरून तंबाखू मळायचा, म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. अमेरिकेत मुलीकडे राहून आल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर डिवचलं, "तिकडं वाहतूक पोलिसाच्याही कमरेला पिस्तूल असतं. तुमच्याकडं काय, बांबू?"

तो हसला. "आबा, पिस्तूल साहेबांकडं. माले काठीच बरी शे."

येताना मी इंग्लंडलाही थांबलो होतो. तिथले बहुतेक पोलीस बंदुकीशिवाय फिरतात. ते मी मुद्दाम सांगितलं नाही. लोकांचं हसू थांबलं असतं.

महिन्याभरात माझा धाकटा भाऊ, डोकं फिरलेलं असताना, केळी कापायचा कोयता घेऊन स्थानकात शिरला. अशा माणसाला अमेरिकेत पोलिसांनी गोळी घातल्याचं मी टीव्हीवर पाहिलं होतं. मी तिथंच गर्दीत मागं उभा होतो. हवालदारानं काठी खाली ठेवली.

"ऊन भलतं शे, भाऊ. बस, चहा पिऊत," म्हणत तो जवळ गेला. कोयता काढून घेताना त्याचा तळहात कापला. भाऊ त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

पुढच्या आठवड्यात, हाताला पट्टी बांधलेली असताना, त्यानंच मला विचारलं, "आबा, भाऊ कसा शे?"

"बरा आहे," मी म्हणालो आणि चालू लागलो. नंतर त्याची बदली झाली. "हवालदार, माझं चुकलं," एवढं म्हणायचं राहूनच गेलं.