हे अंशतः खरे आहे

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मला सगळ्यात आधी टेबलावरचा तो कागद दिसतो. त्यावर ‘विधानसभा – तातडीचे’ असा शिक्का होता. नोकरीत मला खबऱ्यांनी बातम्या दिल्या, निनावी फोन आले, एकदा तर देवळाच्या पायरीवर एका म्हाताऱ्याने कानात सांगितलं. पण गुन्ह्याची खबर थेट मुंबईहून, आमदाराच्या प्रश्नातून आली, असं एकदाच घडलं.

तेव्हा मी जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बदली होऊन येऊन फार दिवस झाले नव्हते. आमदार सभागृहात प्रश्न विचारतात मंत्र्याला, पण त्याचं उत्तर तयार होतं खाली. मंत्रालयातून खात्याकडे, खात्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला असा तो प्रश्न उतरत येतो आणि उत्तर घेऊन त्याच वाटेने वर जातो. उत्तराची भाषाही ठरलेली असते. ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. बहुतेक ठिकाणी दुसरं आणि तिसरं जास्त चालतं, कारण त्यात कोणाला काही करावं लागत नाही.

हा प्रश्न ऊर्जा खात्याला होता. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्यांचा एवढा वावर असताना शेतीची वीज रात्रीच का देता, माणसांनी अंधारात उसात जायचं का, असा त्याचा रोख. त्यातल्या एका भागाशी मात्र आमचा संबंध होता. आमच्या हद्दीतल्या एका गावात रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेला मजूर कुंपणातल्या वीजप्रवाहाने मेला, आणि हा प्रवाह पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून घेतला होता, हे खरे आहे काय?

आमच्या दप्तरी त्या गावातला एक मृत्यू होता. मयत आंबेगावच्या पश्चिम डोंगरातला. भाताची लावणी उरकली की बायकोला घेऊन खाली बागायती भागात कामाला यायचा, एका मोठ्या बागायतदाराच्या शेतावरच राहायचा. त्याचं प्रेत कालव्यात सापडलं होतं. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांच्या वेळी आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, पाय घसरून पडला असं पंचनाम्यात आलं, आणि ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ या जबाबावर बायकोचा अंगठा घेतला गेला. ती बाई नंतर आपल्या डोंगरात निघून गेली.

आमच्या ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या रायटर हवालदाराने मी विचारायच्या आधीच उत्तर टाइप करून आणलं होतं. हे खरे नाही. मी सही करायला पेन उचललं आणि पुन्हा एकदा प्रश्न वाचला. मोटारीच्या पेटीतून. कोणाला नुसती बदनामी करायची असती तर ‘विजेच्या धक्क्याने मेला’ एवढं पुरलं असतं. तार कुठून जोडली होती हे कोणी कल्पनेने सांगत नाही. मी पेन खाली ठेवलं.

हवालदार जुना माणूस. तो म्हणाला की हे गावातलं राजकारण आहे, बागायतदाराचं आणि माजी सरपंचाचं कधीच पटलं नाही, त्यानेच आमदाराचे कान भरले असणार. मलाही तसंच वाटलं. म्हणून आधी मी माजी सरपंचाला बोलावलं. प्रश्नाची गोष्ट ऐकून गडी खुलला. आपल्यालाच सगळं आधीपासून माहीत होतं असं सांगू लागला. त्याला बोलू दिलं आणि मग सहज विचारलं, त्यांची मोटारीची पेटी कुठे आहे हो? तो म्हणाला, विहिरीवर. प्रश्नाच्या वाटेवरचा एक माणूस मी तिथेच वजा केला. ते शेत मी आदल्याच दिवशी खोडदच्या रस्त्यावरून, तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्यांच्या बाजूने जाताना पाहून आलो होतो. पाणी कालव्यावरून उचलायचे, विहीर नव्हतीच.

शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मृत्यूच्या कारणाबद्दल मत राखून ठेवलं होतं. नडगीवर एक आडवी, काळपट खूण होती, म्हणून त्यांनी कातडीचा तुकडा तपासणीला पाठवायला दिला होता. तो पुढे गेला, पण अहवाल कोणी मागितलाच नव्हता. तो मागवायला मी त्याच दिवशी माणूस पाठवला.

मग आमदारबाईंना फोन लावला. त्या आमच्या भागातल्या नव्हेत, दुसऱ्या जिल्ह्यातून निवडून आलेल्या. बिबट्याच्या प्रश्नावर नारायणगावात बायकांचा मेळावा झाला होता, तेव्हा येऊन गेल्या होत्या. माहिती कोणी दिली, असं मी विचारलं.

“नाव सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “सभागृहात मी विचारतेय, जबाबदारी माझी. तुम्ही एवढंच करा साहेब, ठाण्यात बसून उत्तर देऊ नका.”

खरं सांगायचं तर मला राग आला. पुढारी आपलं भाषण सजवायला पोलिसांना कामाला लावतात हा अनुभव गाठीशी होता. त्यांच्यावरही माझा संशय होताच. पण म्हणणं चुकीचं नव्हतं. वरच्या कार्यालयाला मी ‘चौकशी सुरू आहे’ असं कळवलं. तिथल्या बाबूने फोनवर माझी हजेरी घेतली. एवढ्याशा उत्तराला चौकशी कशाला, असं त्याचं म्हणणं.

दोन शिपाई, एक महिला हवालदार आणि वीज कंपनीचा एक अभियंता घेऊन मी भरदुपारी त्या शेतावर गेलो. बागायतदार पन्नाशीचा, शांत, गावात शब्दाला मान असलेला. लेण्याद्रीला दर चतुर्थीला जाणारा. गावचा पोलीस पाटील त्याचा चुलतभाऊ. त्याने आम्हाला ओटीवर बसवलं, चहा सांगितला. एकीकडे ऊस, एकीकडे भुईमूग, आणि भुईमुगाच्या बांधाने बांबूच्या खुंट्या रोवून तार ओढलेली. अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं.

बागायतदार म्हणाला, “रानडुकरं लई नासधूस करत्यात, साहेब. झटका मशीनची तार हाय ती. कायद्यातली.”

झटका मशीन म्हणजे जनावराला नुसता चटका देऊन पळवणारं यंत्र. ते कुठे आहे, मी विचारलं. दुरुस्तीला दिलंय, तो म्हणाला. कोणत्या दुकानात, तर वारूळवाडीच्या फाट्यावर. शिपायाने फोन करून विचारलं. दुकानदार म्हणाला, असं मशीन आपल्याकडे कधी आलंच नाही. तोवर अभियंता कालव्याकडच्या मोटारीच्या पेटीपाशी जाऊन आला होता. पेटीच्या मागच्या बाजूने एक जादा वायर काढलेली होती आणि ती मातीखालून बांधाकडे गेली होती. रात्री शेतीची वीज आली की तार आपोआप जिवंत व्हायची.

बागायतदार तरीही डगमगला नाही. मग मी विचारलं, “ही बातमी आमदारांपर्यंत कोणी पोचवली असेल?”

“तो माजी सरपंच. दुसरं कोन?”

तोंडाने तो हे म्हणाला, पण त्याची नजर गावाकडे गेली नाही, ती स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. इतक्या वर्षांत मी एक शिकलो होतो. माणूस ज्याचं नाव घेतो त्याच्यावर त्याचा संशय असेलच असं नाही, ज्याच्याकडे पाहतो त्याच्यावर असतो.

दाराशी त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याशी मी एक शब्द बोललो नाही. बागायतदाराला आणि त्याच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला चौकशीसाठी ठाण्यात नेलं, महिला हवालदाराला मात्र घरीच थांबवलं आणि तासाभराने एकटा परत गेलो.

आता माझा संशय तिच्यावर होता. नवऱ्याला अडकवायला बाई काहीही सांगू शकते, जमिनीसाठी, भांडणासाठी. मी तिला तसं स्पष्ट विचारलं. ती रागावली नाही.

“भांडण न्हाई, साहेब. मानूस वाईट न्हाई माझा,” ती म्हणाली. “त्या सकाळी त्यांनी आन डायवरनी त्याला उचलून कालव्याकडं नेलं, ते मी मागच्या दारातनं बघितलं. गप बसले. मला वाटलं, झालं ते झालं, आता तरी तार काढतील. काढली बी. पन भुईमूग लावला आन परत तीच तार ओढली.”

“आम्हाला का नाही सांगितलंत?”

“पाटील घरातला. ठाण्यात गेले आसते तर सांजच्याला घरी कळलं आसतं. आन मला त्यांना जेलात न्हाई घालायचं. नवीन जोडपं आलंय कामाला, त्यांची दोन पोरं बांधावरच खेळत्यात. मेळाव्यात त्या बाई म्हनल्या, आमी सरकारला इचारतो. म्हनून त्यांच्या कानावर घातलं. मला वाटलं, सरकारातनं हुकूम येईल, आख्ख्या तालुक्यातल्या तारा निघतील. त्यात आमची बी निघंल.”

मी उठून बाहेर आलो. खुंट्यांच्या पलीकडे ती पोरं शेंगा उपटून खात बसली होती. अभियंत्याने वीज तोडली होती, तरीही मी महिला हवालदाराला सांगून त्यांना आधी तिथून हलवलं.

ड्रायव्हरने ठाण्यात पहिल्या बैठकीतच सगळं सांगितलं. त्याला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं. बागायतदार मात्र ‘पाय घसरला’ यावरून हलत नव्हता. त्याच्यावर दमदाटीचा उपयोग नव्हता. वकिलाला बोलवतो, म्हणायचा. कातडीचा अहवाल आला, खूण विजेने भाजल्याची होती. तोही समोर ठेवला. तो वाचून म्हणाला, कालव्यात मोटारीच्या वायरा असतात, तिथे लागला असेल. शेवटी मी अहवाल बाजूला ठेवून एवढंच विचारलं, “मग तार परत का लावली?”

तो सांगू लागला ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“त्यानं मला फोन क्येला व्हता, साहेब. पिकाला दारं धरून परत येत व्हता. म्हनला, मालक, वाटंवर बिबट्या बसलाय, मी बांधावरनं येतो. मी झोपंत व्हतो. म्हनलो, ये. मला तारंची आठवनच राहिली न्हाई.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “लाईट दिवसा आसती तर तो गेलाच नसता रातचा.”

त्याचं शेवटचं वाक्य मी जबाबात शब्दशः घेतलं. ते आरोपीच्या बचावाचं होतं, पण खोटं नव्हतं. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, असा गुन्हा दाखल केला. खटला अभियंत्याचा अहवाल, डॉक्टरांचं मत आणि ड्रायव्हरची साक्ष यांवर उभा केला. बागायतदाराच्या बायकोचा जबाब मी घेतला नाही. खबर कोणी दिली हे सांगायचं बंधन पोलिसावर नसतं, आणि तिच्यावाचून पुरावा पुरेसा होता. मयताच्या बायकोला मात्र मी स्वतः डोंगरात जाऊन भेटलो. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं की तो फार वेळ तळमळला का. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सांगितलं, नाही.

प्रश्न सभागृहात आला त्या दिवशी काही लागलं तर हाताशी असावं म्हणून मला मुंबईला बोलावलं होतं. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत मागे उभा होतो. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. हे अंशतः खरे आहे. मजुराचा मृत्यू कुंपणातील प्रवाहाने झाला, गुन्हा दाखल आहे, तथापि रात्रीच्या वीजपुरवठ्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या ठाण्याने पाठवलेल्या माहितीतलं फोनचं आणि बिबट्याचं वाक्य वर जाताना कोणत्यातरी पायरीवर गळलं होतं.

आमदारबाई उपप्रश्नाला उभ्या राहिल्या. “अध्यक्ष महोदय, अंशतः म्हणजे किती? माणूस अंशतः मेलाय का? तो रात्री कशासाठी गेला होता, एवढंच मंत्र्यांनी सांगावं.”

बाकं वाजली, थोडा गोंधळ झाला. मंत्री म्हणाले की तपासून घेऊ, बिबटप्रवण गावांना टप्प्याटप्प्याने दिवसा वीज देणं विचाराधीन आहे. पुढचा प्रश्न पुकारला गेला. सगळं मिळून चहा निवायला लागतो एवढा वेळ.

खटल्याचा निकाल मी निवृत्त झाल्यावर लागला. बागायतदाराला शिक्षा झाली. गेल्या उन्हाळ्यात नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात त्याची बायको भेटली. शेती आता तीच पाहते. गावाला दिवसाची वीज अर्धवट का होईना मिळू लागली होती, आणि बांधावर तार नव्हती. क्रेट उतरवता उतरवता ती म्हणाली, “मुलाखतीला गेले व्हते जेलात. त्यांनी इचारलं, तवा कोनी सांगितलं व्हतं?”

तिचं नाव कुठेही येऊ नये म्हणून मी सगळी काळजी घेतली होती.

“मी म्हनलं, मीच.”

“मग ते काय म्हणाले?”

“काय न्हाई. पुढल्या महिन्याला ये म्हनले.”

तीस वर्षं मी लोकांवर संशय घेण्याचा पगार खाल्ला. प्रश्न विचारणाऱ्यावर संशय घेणं सगळ्यात सोपं असतं, त्याचा हेतू काय, त्याच्या मागे कोण. या प्रकरणात मी सरपंचावर घेतला, आमदारावर घेतला, त्या बाईवरही घेतला, आणि तिघांच्या बाबतीत तो तपासून पाहणं योग्यच होतं. पण संशय घेऊन खुर्चीत बसून राहिलो असतो तर ती पोरं त्या बांधावर खेळत राहिली असती.