बीच साफ पाहिजे

दिल्लीहून आलेले डॉक्टरसाहेब तळ्याच्या काठी गुडघ्यावर बसून हरभऱ्याचं पान चुरगळत होते आणि मी मागं उभा राहून नोकरीचे उरलेले दिवस मोजत होतो. हे डॉक्टर इंजेक्शनवाले नव्हेत, पाण्याचे. गोड्या पाण्याची तळी आणि त्यांचे काठ कसे राखायचे, यावर लोणावळ्यात परिषद भरली होती. पाहुण्यांना एक तळं दाखवायचं काम आमच्या खात्याकडे आलं. तळं कुरवंड्याच्या वाटेवरचं, ओव्हरसियर मी. साठच्या दशकातली गोष्ट. माझी नोकरी टेंपररी, आणि त्या दिवशी तिथं हरभऱ्याचं एक पानसुद्धा दिसायला नको होतं.

आधी थोडं धंद्यातलं सांगतो. तळं काठोकाठ भरलं की पाणी जिथं टेकतं, त्या रेषेला आम्ही एफएसएल म्हणायचो. रेषेच्या आतली जमीन खात्याची. पण दिवाळीनंतर पाणी मागं सरतं, ओला गाळ उघडा पडतो आणि वाडीतली माणसं त्यात बी टाकतात. नांगर नाही, खत नाही. याला गाळपेर म्हणतात. आमच्या तळ्यावर धोंडाबाई मावशींची गाळपेर होती. नवरा गेलेला, स्वतःची म्हणावी अशी जमीन म्हणजे डोंगरावरची खडकाळ पट्टी. उन्हाळाभर त्यांच्या चुलीवर जे शिजायचं, ते या हरभऱ्याच्या जिवावर.

परिषदेच्या आठवडाभर आधी साहेबांनी, म्हणजे आमच्या डेप्युटी इंजिनियरांनी, मला बोलावलं. काठावर शेती केली की माती सुटते, गाळ पाण्यात उतरतो आणि तळं उथळ होतं, असं डॉक्टरसाहेबांनी आपल्या निबंधात लिहिलं होतं म्हणे. "बीच एकदम क्लियर पाहिजे," साहेब म्हणाले. "तुमचा कन्फर्मेशनचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

आमच्या तळ्याला कसला आलाय समुद्रासारखा बीच! गुडघाभर चिखल आणि त्यात म्हशींच्या खुरांचे खड्डे. पण निबंधात बीच होता, म्हणून आम्हालाही बीच.

आता माझी फजिती ऐका. हुकूम पुढं कोंडिबा मुकादमांना द्यायचा होता. त्यांना सगळे आबा म्हणत. उभी हयात रेल्वेच्या गँगमध्ये, घाटात रूळ सांभाळण्यात काढून ते आमच्याकडे आलेले. मी तळ्यावर गेलो तर मावशी तिथंच खुरपत बसलेल्या. लय ऊन हाय, पानी प्या, म्हणाल्या. मी प्यायलो. पाणी पिऊन झाल्यावर 'हरभरा उपटा' हे दोन शब्द काही केल्या तोंडातून निघेनात. मग मी साहेबांची भाषा उसनी घेतली. "आबा, सोमवारपर्यंत बीच साफ पाहिजे. एक काडी राहता कामा नये." आबांनी मान डोलावली. पाहुण्यांची सोय बघायची आहे असं सांगून मी सायकलवर टांग टाकली आणि खंडाळ्याला गेलो. गेलो कसला, पळालो.

थेट मंगळवारी पाहुण्यांना घेऊन बांधावर चढलो, तर तळ्याच्या मधोमध पाणी लख्ख. आबांनी रिकाम्या पिंपांचा तराफा करून, दहा माणसं लावून मधलं सगळं शेवाळ आणि वेली उपसून काढल्या होत्या. काठावर हरभरा मजेत डुलत होता. मी डोळे वटारले. आबा कानाशी येऊन शांतपणे म्हणाले, "रेल्वेतल्या हिंदीत बीच म्हंजी मदी."

तेवढ्यात डॉक्टरसाहेब गुडघ्यावर बसले. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, आंबट ओलावा. ती बोटाला लागली. त्यांनी बोट हुंगलं, मग चाटलं. मी कन्फर्मेशनवर पाणी सोडलं. ते उठले आणि पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलले. सारांश असा, की निसर्गानं आपणहून हा काठ बांधून काढलाय, या रानझुडपांनी माती धरून ठेवलीय, यांना कुणी हात लावू नये.

साहेब तळेगावचे. लहानपणापासून हुरड्याइतकाच हरभरा खाल्लेले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हरभऱ्याकडे, आणि म्हणाले, "येस सर."

संध्याकाळी ठराव झाला: काठावरचं नैसर्गिक हरित आवरण आहे तसं राखावं. सगळ्यांनी हात वर केले, साहेबांनी जरा जास्तच उंच. बाहेर आल्यावर मला म्हणाले, आता हरभरा उपटायचा तर सचिवालयाची परवानगी लागेल. महिनाभरात माझ्या कागदावर सही झाली. मावशींनी हरभरा काढून घरी नेला. आपलं पीक परिषदेच्या ठरावात गेलंय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग एकदा आबांना एकटं गाठून मी विचारलं, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का? ते तंबाखू मळत होते.

"सायेब, तुमी हरभरा उपटा म्हनला असता तर उपाटला असता. हुकूम हाय. पर तुमी तसं म्हनलाच न्हाई."

मला लाज वाटली, स्पष्टच सांगतो. मग एक नेम केला. कुणाच्या पोटावर पाय येणार असेल, तर तो हुकूम त्या माणसासमोर उभं राहून, साध्या मराठीत द्यायचा. पुढं सगळी नोकरी तशीच केली. निम्मे हुकूम देताच आले नाहीत.