बाळू बाप झाला तेव्हा

बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आणि खरं सांगू? बाळंतिणींपेक्षा नवऱ्यांचेच जास्त! आमच्या चिकलठाण्याच्या दवाखान्यात दर शनिवारी नव्या बापांची बैठक असते, ती मी घेते. त्यातला आमचा हिरो म्हणजे बाळू.

बाळू कंपनीत ऑपरेटर. पहिल्यांदा आला तो दारातच उभा. "सिस्टर, सविता पाचोडहून, माहेराहून आली तशी गप हाय. जेवत नाय, झोपत नाय, पोरीला घेतलं की रडती. मला लई भ्या वाटतंय."

मी सविताला घेऊन यायला सांगितलं. डॉक्टर मॅडमनी तिला तपासलं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे म्हणाल्या, गोळ्या सुरू केल्या. बाळूला म्हणाल्या, "औषध मी देते. सोबत तुम्ही द्या."

बाळूनं मान डोलावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "सोबत म्हंजे नेमकं काय करायचं?" हे विचारणारा नवरा मला तिथंच आवडला.

*

मी म्हटलं, "रोज तिच्याजवळ बसून निवांत बोला." पुढच्या शनिवारी पठ्ठ्या खाली मान घालून हजर. "बोललो सिस्टर. कंपनीतला कॉम्प्रेसर कसा बिघडला ते सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता झोपलीच!"

किती दिवसांनी डोळा लागला होता तिचा! मॅडम म्हणाल्या, "कॉम्प्रेसर चालू ठेवा!"

*

मग बिडकीनहून त्याची आई आली, तक्रार घेऊन. "पोरगा भांडी घासतोय, पोरीला न्हाऊ घालतोय! आमची चार बाळंतपणं झाली, आमाला कुठं काय झालं?"

"रडू यायचं का हो मावशी?" मी विचारलं.

मावशींनी पदर सावरला. म्हणाल्या, "यायचं की. चुलीम्होरं बसून रडायचे. कुणी इचारलं तर धूर लागला म्हणायचे."

पुढच्या शनिवारी मावशी बाळूच्या वडलांनाच घेऊन आल्या. नव्या बापांच्या पहिल्या रांगेत फेटेवाले मामा! मावशी म्हणाल्या, "बसू द्या. उशिरा का व्हईना, शिकू द्या!"

*

आता हेल्मेटचं ऐका. बाळू पोरीचे लंगोट धुवायला तयार, पण वाळत घालायला लाजायचा. समोरच्याच घरात त्याच्या सुपरवायझरचं बिऱ्हाड! शेवटी गड्यानं तोडगा काढला. हेल्मेट घालून गच्चीवर जायला लागला!

एका सकाळी सुपरवायझरच्या बायकोनं त्याला पाहिलं आणि आरडाओरडा केला, "अगं बाई, हेल्मेटवाला कोण घुसलाय तिकडं? चोर हाय, चोर!" खाली गल्लीत माणसं जमली. बाळू हातात ओला लंगोट घेऊन जागच्या जागी उभा.

तेवढ्यात जिन्यातून सविता वर आली, पोरीला खांद्यावर घेऊन. घरात जिचा शब्द ऐकू येत नव्हता, ती कठड्याशी आली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"चोर नाय वहिनी, माझा नवरा हाय! साहेबांना बी कपडे घेऊन पाठवा, दोरीवर जागा हाय!"