वारा तो की ती

निजामाच्या राजवटीत माझं सगळं शिक्षण उर्दूत झालं. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाल्या आणि मीही, निदान कागदोपत्री, मराठीची बाई झाले. येडशीजवळच्या एका गावात तिसरीचा वर्ग माझ्याकडं होता. नोकरी अजून कायम नव्हती. तपासणीला येणाऱ्या साहेबांना माझं मराठी पसंत पडलं तर राहायचं, नाही तर अम्मीला घेऊन हैदराबादला भावाकडं जायचं, असं भावानं ठरवलं होतं आणि अम्मीनं मान डोलावली होती. तिथं मी नुसती कुणाची तरी बहीण असणार होते, इथं बाई होते. मला अजिबात जायचं नव्हतं.

मराठी लिहाय-वाचायला मला नीट येई. घात करायचं ते लिंग. उर्दूत हवा ती, मराठीत वारा तो. उर्दूत धूप ती, मराठीत ऊन ते. आणि हे 'ते' प्रकरण तर आमच्याकडं नाहीच! मनात हवा असायची, तोंडातून वारा निघायचा आणि क्रियापद बिचारं हवेच्याच मागं जायचं. 'वारा आली' म्हटलं की पोरं तोंडावर हात धरून हसायची. मी आधी चिडायची, मग हसायची.

आणि साहेब आले त्या दिवशी नेमकी वाऱ्याची कविता चालू होती. त्यात वारा एखाद्या खोडकर मुलासारखा गावभर हिंडतो. साहेबांनी पुढच्या रांगेतल्या एका बडबड्या मुलीला उभं केलं.

"कवितेतला वारा काय काय करतो?"

"लई मस्ती करती. लिंब हालवती, दार वाजवती."

माझीच चूक लेकरांच्या तोंडी बसली होती.

"करती? अगं, वारा तो की ती?"

"आमच्या घरी तो हाय, साहेब. बाईंच्या घरी ती हाय."

साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "मग कवितेत कोण आहे?"

"कवितेत पोरगा केलाय त्याला. बाई म्हणतेत तवा पोरगी असती. पर मस्ती सारखीच करतेत दोघं."

साहेब खो खो हसले. मला वाटलं, संपलं सगळं. जाताना ते व्हरांड्यात थांबले.

"बाई, वारा पुल्लिंगी आहे, तेवढं सुधारा. कवी वाऱ्याला माणूस करतो म्हणजे काय करतो, हे तुमच्या लेकरांना पक्कं कळलंय. तुम्हाला कायम करावं असं कळवतो मी."

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात तसेच परातीत ठेवून तिनं विचारलं, "तो अब हैदराबाद नै जाना ना?"

"नै," मी म्हटलं.

आणि ती रडायलाच लागली. तिलाही जायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.